गिटारीचं लॅकर पांढरं पडलंय? स्प्रे गन हातात घेण्याआधी

लॅकर म्हणजे गिटारीवरचं चकचकीत पॉलिश. ते पांढरं पडलं की रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर, गननं हलका उडवून तो ढग घालवायचा. त्याची पहिली तयारी सामानाची नाही, हवेची. माझ्या गिटारीवर दुधाची साय धरल्यासारखं झालं ते जुलैतल्या एका संध्याकाळी, सांगलीत, पाऊस नुकताच थांबला असताना. थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ओल्या लॅकरमध्ये अडकते. गार पाण्याच्या तांब्याला घाम सुटतो तसंच. त्यामुळे दोन-तीन कोरडे दिवस बघा, सकाळी अकरा ते तीन एवढाच वेळ धरा. दहा-बारा दिवस थांबावं लागलं तर थांबा. पन्नास तास घासलेली गिटार आहे, पळून जात नाही. साधा आर्द्रतामापक घ्या. काटा 60 टक्क्यांच्या वर असला की मी गनला हात लावत नाही.

मग पॉलिश कोणतं ते ओळखा, विशेषतः तुम्ही ते मिरजेत कुणाकडून करून घेतलं असेल तर. तिथं तंबोऱ्यावर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश चालतं आणि चपडाही ओलीनं पांढरा पडतो. नेक पेटीला जुळते त्या टाचेपाशी, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट होऊन विरघळलं तर चपडा, आणि त्याला पुढचं काहीच लागू नाही. पांढरेपणा फक्त लाकडाच्या रेषांत असेल तर ते बहुधा सुकलेलं रबिंग कंपाउंड (चकाकीसाठी घासतात ती पेस्ट); मऊ ब्रशनं निघतं.

तारा, खुंट्या काढा. फिंगरबोर्ड आणि ब्रिजवर मास्किंग टेप, साउंडहोलमध्ये वर्तमानपत्राचा बोळा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी खालच्या कॉकनं सोडा. पावसाळ्यात आमच्याकडे वाटीभर निघतं, आणि ते गनमधून थेट गिटारीवर जातं. दुकानात रिटार्डर थिनर मागा, त्याच लॅकरच्या कंपनीचा. साधा थिनर झटकन उडतो आणि पुन्हा पांढरं करतो. कार्बन फिल्टरचा मास्क हवा, रुमाल चालत नाही. खोलीत वारं खेळतं ठेवा. शेजारच्या देवघरातली समई, उदबत्ती विझवा.

त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर आधी तसंच लॅकर मारून ठेवा आणि रिटार्डर त्यावर उडवून बघा: फूटभर अंतरावरून, नुसती धुई. अर्ध्या-एक मिनिटात लाकडाचा रंग परत वर आला की थांबायचं. आणखी एक हात मारायचा मोह आवरला नाही की ओघळ आलाच. 1000 नंबरचा वॉटर पेपर जवळ असू द्या, पण दोन वेळा धुई मारूनही ढग हटला नाही तरच त्याला हात लावा.