गोचीड चिकटली तर या चुका टाळा

अंगावर गोचीड दिसली की आपण नको तिथे घाई करतो आणि ती निघाली की नको तिथे ढिलाई. लाइम रोग, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा संसर्ग, त्याच्या बाबतीत बहुतेक गफलती या दोहोंतच मोडतात.

कुणी तिच्यावर तेल ओततं, कुणी नेलपॉलिश फासतं, कुणी जळती काडी टेकवतं. गुदमरून आपणहून सुटेल ही आशा. ती लवकर सुटत तर नाहीच, उलट डिवचल्यामुळे तिच्या अंगातला द्रव जखमेत उतरू शकतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीला अगदी लागून पकडा आणि न पिळता, झटका न देता सरळ वर ओढा. कातडी जराशी वर ताणली जाते, क्षणभर तशीच राहते, मग गोचीड सुटते. तोंडाचा बारीकसा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा. गोचीड बोटांनी चिरडू नका.

‘उद्या डॉक्टरांकडूनच काढून घेऊ’ हे मात्र महागात पडतं. लाइमचे बोरेलिया जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतात. तिने रक्त प्यायला सुरुवात केल्यावर ते लाळेपर्यंत पोहोचतात. याला सहसा २४ तासांहून जास्त वेळ लागतो. हा हिशोब सगळ्या रोगांना लागू नाही, गोचिडीतूनच येणारा पोवासान विषाणू १५ मिनिटांतही शिरू शकतो.

‘चावली असती तर कळलं असतं’ यावरही विसंबू नका. तिची लाळ जागा बधिर करते, आणि अर्धवट वाढलेली गोचीड जेमतेम खसखशीएवढी असते. काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, कानामागे, केसांची कड, हे सगळं तपासा.

मग पुरळ. चावल्यावर दुसऱ्याच दिवशी आलेली लहानशी लाली बहुधा नुसती चिडचिड असते. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो आणि पसरत जातो. गोल चक्रच दिसेल असं नाही, पुष्कळदा तो सरसकट लाल असतो. काहींना उठतच नाही. पेनाने कड आखून रोज फोटो काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

माझ्या मते सगळ्यात फसवी चूक म्हणजे लगेच रक्त तपासून ‘निगेटिव्ह’वर निर्धास्त होणं. तपासणी शोधते अँटिबॉडी, म्हणजे जिवाणूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. चट्टा स्पष्ट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. उलट बाजूही आहे: बरं झाल्यावरही अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे पुन्हा आलेला पॉझिटिव्ह म्हणजे रोग टिकून आहे असं नव्हे. उपचारानंतर काहींचा थकवा आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते, तो त्रास खराच असतो. पण त्यावर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन फायदा दिसलेला नाही, अपाय मात्र झाले आहेत. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, हाही भ्रम.

रोग पसरण्याचा सगळा दोष हरणांवर टाकणं चूक. मोठ्या गोचिडींना ती पोसतात खरी, पण जिवाणू मुख्यतः उंदरांसारख्या लहान प्राण्यांकडून येतात, आणि पक्षी गोचिडी दूरवर नेतात. हिवाळे सौम्य झाल्याने त्या नव्या भागांतही तगतात.

शेवटी कपडे. थंड पाण्यात धुतले तरी गोचीड जिवंत राहते. आधी ड्रायरमध्ये कडक तापमानावर १० मिनिटं फिरवा, मग धुवा.