एनएफएस लावताय? आधी डिस्क माउंट आहे का ते बघा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात सहा लिनक्स मशिनं आणि एक सर्व्हर आहे. द्राक्षबागांचे ड्रोनने काढलेले फोटो जोडून आम्ही नकाशे करतो, आणि सगळ्यांना तेच फोटो लागतात म्हणून एनएफएस, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर नेटवर्कवरून सगळ्या मशिनांना देण्याची सोय. मार्चमधल्या एका अवकाळी पावसात रात्री वीज गेली, यूपीएस संपला. पहाटे वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला, पण डेटाची डिस्क माउंट झालीच नाही, म्हणजे तिच्या ठरलेल्या फोल्डरला जोडली गेली नाही. बूट अडकू नये म्हणून एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) त्या डिस्कपुढे ‘नोफेल’ (नाही लागली तरी पुढे जा) मीच लिहून ठेवलं होतं. सर्व्हरने डिस्कच्या जागचा रिकामा फोल्डर शेअर केला आणि कुठेही एरर आला नाही.

ऑफिसातल्या मुलांना वाटलं, कुणीतरी फोल्डर हलवले असतील. त्यांनी नवे फोल्डर करून काम सुरू केलं. त्या रात्री बॅकअपच्या आरसिंकने (फाइलींची प्रत करणारा प्रोग्रॅम), मुळात नसलेलं प्रतीतूनही पुसणाऱ्या डिलीट पर्यायासकट, तो जवळपास रिकामा फोल्डर बॅकअपवर उतरवला आणि तिथलं जुनं सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्व्हर पुन्हा सुरू केला. डिस्क माउंट झाली, जुने नकाशे दिसले आणि दोन दिवसांचं काम दिसेनासं झालं. ते रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य डिस्कवर, माउंटच्या खाली झाकलं गेलं होतं. ती रूट फाइलसिस्टिम दुसऱ्या जागीही दिसेल असं बाइंड-माउंट केल्यावर ते सापडलं. तोपर्यंतची रात्र मला आजही आठवते. मूळ डिस्क तेवढ्यात बिघडली असती, तर एका हंगामाचे फोटो गेले असते.

म्हणून एनएफएस लावतानाच्या यादीतलं पहिलं काम हेच. सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (कोणता फोल्डर कुणाला द्यायचा ते इथे लिहितात) त्या फोल्डरच्या पर्यायांत ‘माउंटपॉइंट’ लिहा, थोडक्यात ‘एमपी’ लिहिलं तरी चालतं. मग त्या जागी खरोखर काही माउंट असेल तरच सर्व्हर तो फोल्डर शेअर करतो, नाहीतर करत नाही. हा पर्याय नेमका याच प्रसंगासाठी आहे. मी तो वाचला होता आणि लिहिला नव्हता.

हे असं का होतं, ते समजून घ्या. तुमच्या मशिनवरचा प्रोग्रॅम फाइल मागतो तेव्हा कर्नलमधला (लिनक्सचा मूळ भाग) व्हीएफएस नावाचा फाइलसिस्टिमचा थर ती मागणी एनएफएस क्लायंटकडे देतो. क्लायंट ती आरपीसीने (दुसऱ्या मशिनकडून काम करून घ्यायची पद्धत) नेटवर्कवरून पाठवतो आणि सर्व्हरच्या कर्नलमधला एनएफएसडी ती आपल्या व्हीएफएसला विचारतो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली हे बनवलं तेव्हापासून गाभा हाच आहे. सर्व्हरला ‘नकाशांचा शेअर’ वगैरे काही माहीत नसतं. त्या वाटेवर त्या क्षणी जी फाइलसिस्टिम असेल ती तो देतो. डिस्क असेल तर डिस्क, नसेल तर खालचा फोल्डर. दोन्ही त्याच्या दृष्टीने बरोबरच.

दुसरी कडी म्हणजे खालचा फोल्डर. डिस्क काढलेली असताना त्याची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या यूजरकडे ठेवा, बाकी सगळ्यांच्या परवानग्या काढा आणि चॅटर कमांडने ‘प्लस आय’ (बदलबंदी) लावा, म्हणजे रूटलाही त्यात लिहिता येणार नाही. मी डिस्क लावायच्या आधीच तो फोल्डर सगळ्यांना खुला करून ठेवला होता, म्हणून मुलांना तिथे लिहिता आलं. हेच क्लायंटवर, म्हणजे सहाही मशिनांवर करा. सर्व्हर बंद असल्यामुळे माउंट झालंच नाही, तर क्लायंटवरचा तो फोल्डर साधा, लोकल, रिकामा फोल्डर असतो, आणि प्रोग्रॅम खुशाल त्यात लिहितो. चूक तीच, फक्त मशीन वेगळं.

आता यूजर आयडी. नेहमीच्या पद्धतीत एनएफएस नाव नाही, आकडा पाठवतं. एका मशिनवर १००१ म्हणजे एक जण आणि दुसऱ्यावर १००१ म्हणजे दुसराच, तर पहिल्याच्या फाइली दुसऱ्याच्या झाल्या म्हणून समजा. सहाही मशिनवर आकडे आधी जुळवा, मगच पहिली फाइल टाका. नंतर जुळवणं फार किचकट असतं. शिवाय या पद्धतीत एका माणसाचे जास्तीत जास्त १६ ग्रुप जातात, सतरावा गळतो.

एक्सपोर्ट्स फाइलमध्ये क्लायंटचा पत्ता आणि पर्यायांचा कंस यांच्यात जागा सोडू नका. जागा सुटली की पत्त्याला नुसते डिफॉल्ट पर्याय मिळतात आणि कंसातले पर्याय, म्हणजे लिहिण्याची परवानगी, साऱ्या जगाला लागू होतात. हे नजरेला दिसत नाही, म्हणून बोट ठेवून वाचा. रूट_स्क्वॅश असू द्या, म्हणजे क्लायंटवरचा रूट सर्व्हरवरच्या फाइलींवर रूट ठरत नाही. ‘सिंक’ असू द्या. ‘असिंक’ने वेग वाढतो, पण डेटा डिस्कवर जायच्या आधीच सर्व्हर ‘लिहिलं’ म्हणून कळवतो, आणि अवकाळीत वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. आणि त्याच ओळीत ‘एमपी’ आहे का? परत बघा.

आवृत्ती ४ वापरा. तिला एकच २०४९ पोर्ट पुरतं. आवृत्ती ३ ला १११ आणि माउंटची मागणी घेणाऱ्या माउंटडीचं पोर्टही उघडावं लागतं. इंटरनेटवर यातलं काहीही उघडू नका.

क्लायंटवर ‘हार्ड’ माउंट ठेवा. सर्व्हर गेला की प्रोग्रॅम अडकून बसतो आणि लोक ओरडतात, तरी ‘सॉफ्ट’वर जाऊ नका. सॉफ्टमध्ये वेळ संपली की प्रोग्रॅमला एरर मिळतो, आणि ज्या प्रोग्रॅमने तो नीट पाहिला नाही त्याची फाइल अर्धवट राहते. नव्वद मेगाबाइटचा फोटो अर्धा लिहिला गेलाय हे आठवड्याने कळलं तर काय करणार? एफएसटॅबमध्ये ‘_नेटडेव्ह’ लिहा (आधी अंडरस्कोर), म्हणजे नेटवर्क सुरू झाल्यावरच माउंट होतं.

एकाने सेव्ह केलेला बदल दुसऱ्याला काही सेकंद दिसला नाही तर घाबरू नका. क्लायंट फाइलीची माहिती साधारण ३ ते ६० सेकंद कॅशमध्ये ठेवतो. सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर दीडेक मिनिट फाइलींवर लॉक (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून) मिळत नाहीत, कारण जुन्या क्लायंटना आपले लॉक परत मागायला ९० सेकंदांची सवलत असते. तेवढ्यात वैतागून पुन्हा रिस्टार्ट करू नका, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बॅकअपच्या स्क्रिप्टची पहिली ओळ: ‘माउंटपॉइंट’ नावाच्या कमांडने डिस्क माउंट आहे का ते तपासायचं, नसेल तर थांबायचं आणि मेल पाठवायचा. त्याच्याआधी आरसिंक नको. डिलीट तर नकोच. सर्व्हरवर ‘एमपी’ लावलं म्हणून हे टाळू नका. बॅकअप सर्व्हरवरच चालतो, त्याला एक्सपोर्टशी काही देणंघेणं नाही.

बाकी आटोपतं. घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घ्यायची पद्धत) जुळवा. एक्सपोर्ट्स बदलली की एक्सपोर्टएफएस ही कमांड ‘-ra’ पर्यायासह चालवा, म्हणजे बदल लागू होतो. यूपीएसची बॅटरी बघा, आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः बंद होईल अशी सोय करा. एक्सपोर्ट्सच्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या मशिनवर ठेवा.

आणि मुलांच्या हाती द्यायच्या आधी एकदा मुद्दाम डिस्कची केबल काढून सर्व्हर सुरू करा. क्लायंटवरून फोल्डर उघडून बघा. एरर आला पाहिजे. रिकामा फोल्डर दिसला तर सर्व्हर लोकांना देऊ नका, एक्सपोर्ट्स फाइलपासून पुन्हा सुरू करा.