शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लॉगिन होत नाही? आधी दोष कुणाचा ते ठरवा

‘लॉगिन होत नाही’ एवढ्या तक्रारीवरून काहीच कळत नाही. पासवर्ड चुकलेला असो, केबल सैल असो की सर्व्हर बंद पडलेला असो, मुलं सांगतात ते एवढंच. म्हणून लगेच पासवर्ड बदलायला बसू नका. आधी अदलाबदल करा. त्या विद्यार्थ्याला शेजारच्या मशीनवर बसवा आणि शेजारच्याला या मशीनवर. अडचण विद्यार्थ्याबरोबर गेली तर दोष खात्यात आहे, मशीनपाशीच राहिली तर मशीनमध्ये किंवा केबलमध्ये. दोन्हीकडे कुणालाच जमत नसेल तर स्विच (सगळ्या मशीनच्या केबल एकत्र येतात ती पेटी), राउटर किंवा सर्व्हर बघायचा.

खात्याची कारणं बहुतेक साधी असतात. कॅप्स लॉक आणि नम लॉक तर बघाच, पण कीबोर्डची भाषा मराठीवर राहून गेली आहे का तेही बघा. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्यामुळे देवनागरी टाइप होतंय हे लक्षातच येत नाही. विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. ‘खातं लॉक झालं आहे’ असा संदेश असेल तर फक्त अनलॉक करा, पासवर्ड बदलायची गरज नाही. तेच खातं पुन्हापुन्हा लॉक होत असेल तर जुना पासवर्ड कुठेतरी साठवलेला असतो, बहुधा मोबाइलच्या वायफायमध्ये. तो तिथून काढेपर्यंत अनलॉक करून उपयोग नाही.

शिक्षकांचं लॉगिन होतं आणि नव्या विद्यार्थ्याचं होत नाही, ही खूण फार उपयोगी आहे. डोमेनमधलं, म्हणजे सगळी खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळली जातात अशा व्यवस्थेतलं, विंडोज आधी लॉगिन केलेल्या शेवटच्या १० जणांची ओळख मशीनवरच साठवून ठेवतं, त्यामुळे त्यांना नेटवर्क नसतानाही आत घेतं. अशा वेळी खात्याच्या मागे न लागता केबल तपासा.

मशीनच्या दोषांत पहिला नंबर घड्याळाचा. मशीन आणि डोमेन सर्व्हर यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. वेळ बरोबर दिसत असेल तर टाइम झोनही बघा. रात्री वीज बंद केल्यावर सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसत असेल तर मदरबोर्डवरची ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. ती बहुतेक सीआर२०३२ असते. ती बदला, मग बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वेळ लावा.

डोमेनशी ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश आला तर गोष्ट वेगळी. डोमेनमध्ये प्रत्येक मशीनचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो सहसा दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. रीस्टार्ट केल्यावर मशीन मूळ अवस्थेत आणणारं फ्रीझिंग सॉफ्टवेअर लॅबमध्ये असेल तर ते जुना पासवर्ड परत आणतं, आणि सर्व्हर मशीनला ओळखत नाही. उपाय असा: फ्रीझिंग बंद करा, मशीनवरच्या लोकल अ‍ॅडमिन खात्यानं आत जा, मशीन डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये (डोमेन सर्व्हरविना चालणाऱ्या साध्या गटात) टाका, रीस्टार्ट करा, पुन्हा डोमेनमध्ये जोडा आणि मगच फ्रीझिंग चालू करा. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड हातात नसताना डोमेनमधून मशीन काढलंत तर आत जायचा रस्ताच उरत नाही.

आता नेटवर्क. केबलच्या खाचेजवळचा दिवा लागत नसेल तर दुसरी, चालती केबल लावून बघा. दिवा लागत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड ‘ऑल’ जोडून (ipconfig /all) चालवा. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही. एकाच मशीनचं असेल तर तीच कमांड ‘रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’ जोडून चालवा. बऱ्याच मशीनचं असेल तर पत्ते संपलेत का बघा. राउटर १०० पत्ते वाटत असेल आणि शाळेतले मोबाइलही त्याच वायफायवर असतील, तर ते केव्हाच संपतात. लीजची, म्हणजे एकदा दिलेला पत्ता राखून ठेवण्याची, मुदत काही तासांवर आणा, मोबाइलसाठी वेगळं नेटवर्क ठेवा.

पत्ता आहे पण बाकीच्या मशीनपेक्षा वेगळ्याच मालिकेतला आहे? मग कुणीतरी जादा वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये शाळेची केबल खोचली आहे, आणि तोही पत्ते वाटत सुटला आहे. तो शोधून काढा.

पत्ता बरोबर असेल तर आधी गेटवेला (शाळेबाहेर जोडणाऱ्या राउटरला) पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा, मग ८.८.८.८ ला (इंटरनेटवरच्या गूगलच्या डीएनएस सर्व्हरला), मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. गेटवे उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर बहुधा बाहेरची लाइन बंद आहे. नाव सोडून बाकी सगळं चालतं, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. आणि इंटरनेट झकास चालूनही डोमेन लॉगिन होत नसेल, तर कुणीतरी ‘वेग वाढावा’ म्हणून डीएनएसच्या जागी ८.८.८.८ भरलेलं असतं. बाहेरच्या डीएनएसला शाळेच्या डोमेनचा पत्ता माहीतच नसतो. तिथे डोमेन सर्व्हरचाच पत्ता हवा.

अख्खी लॅब एकदम ठप्प झाली आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील तर लूप झाला आहे: एखाद्या केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली आहेत. साफसफाईनंतर सुटलेलं टोक कुणी दिसेल त्या पोर्टमध्ये खोचलं की हे होतं. एकेक केबल काढत जा, जिच्यानंतर दिवे शांत होतील तिचं दुसरं टोक शोधा. लूप पकडण्याची सोय तुमच्या स्विचमध्ये असेल तर ती चालू करून ठेवा.