सीईटीत फिजिक्सचे गुण वाढवायचे तर आधी केमिस्ट्री उरका

एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटं असतात आणि प्रश्न १००. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ५४ सेकंद. बरीच मुलं पेपर उघडला की फिजिक्सच्या आकडेमोडीत अडकतात आणि केमिस्ट्रीचे हातातले गुण घालवतात. उलट करून पाहा: आधी केमिस्ट्री, तीही ३५ मिनिटांत. तिथे बरंच काही येतं किंवा येत नाही, इतकंच असतं. रेंगाळण्यात अर्थ नाही. उरलेली ५५ मिनिटं फिजिक्सची. सराव पेपरलाही घड्याळ लावून हीच वाटणी ठेवा, नाहीतर ऐनवेळी हात वळत नाही.

गणिताचं गणित वेगळं. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, म्हणजे २०० पैकी निम्मे गुण इथेच. त्यातले साधारण १० प्रश्न अकरावीचे असतात आणि अकरावीचं पुस्तक तर बहुतेकांनी कधीच माळ्यावर टाकलेलं असतं! ते खाली काढा.

आणि हो, निगेटिव्ह मार्किंग नाही. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा, एकही प्रश्न कोरा सोडू नका.