जादा बूस्टवर मिसिंग करणारे टर्बो पेट्रोल इंजिन: दोष कसा शोधावा

शहरात सुरळीत चालणारी टर्बो पेट्रोल गाडी चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झटके देऊ लागते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि पाय सैल केला की सारे पूर्ववत होते. एखाद्या सिलिंडरमधले मिश्रण न पेटणे, म्हणजेच मिसिंग किंवा मिसफायर. रिमॅप करून (इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, वाढवलेल्या गाड्यांत ही तक्रार विशेष आढळते. दिवा लुकलुकत असताना गाडी तशीच रेटू नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याचा गाभा वितळू शकतो.

प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडण्यासाठी ठिणगीला किती व्होल्टेज लागेल, हे वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हा नियम फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. १ बार बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याच प्रमाणात ठिणगीच्या क्षणी कोंडलेल्या मिश्रणाचाही दाब वाढलेला असतो. ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणून सर्वाधिक टॉर्क जिथे मिळतो, तिथेच मिसिंग आधी प्रकट होते. उलट ते केवळ रेडलाइनच्या (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या) जवळ होत असेल, तर कॉइल भरण्यास वेळ अपुरा पडत असल्याचा किंवा तिला मिळणारे व्होल्टेज कमी असल्याचा संशय आधी घ्यावा.

प्लग बाहेर काढून, तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहण्याची पद्धत गॅरेजमध्ये आजही रूढ आहे. जादा बूस्टच्या तक्रारीसाठी ती निरुपयोगी आहे. मोकळ्या हवेतील ठिणगी कमजोर कॉइलही देऊ शकते. शिवाय प्लगला पक्के अर्थिंग मिळाले नाही, तर कॉइल किंवा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) बिघडण्याचा धोका असतो. हा दोष दाबाखालीच तपासला पाहिजे: शक्य असल्यास डायनोवर (गाडी जागेवरच भाराखाली चालवण्याच्या यंत्रावर), अन्यथा मोकळ्या चढावर, वेगमर्यादा पाळून, एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने स्कॅनरकडे लक्ष द्यावे.

स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एखादा कोड असेल, तर शेवटचा अंक सिलिंडर सांगतो; पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरते नाही. एकच सिलिंडर दोषी असेल, तर त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून तीच चाचणी पुन्हा करावी. कोड कॉइलबरोबर सरकला, तर कॉइल सदोष आहे. तो जागेवरच राहिला, तर प्लगची अदलाबदल करावी, आणि तरीही तो हलला नाही, तर वायरिंग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन यांचा विचार करावा. एका वेळी एकच भाग बदलणे इथे अत्यावश्यक आहे. चारही कॉइल, प्लग आणि इंजेक्टर एकदम बदलले, तर खर्च होतो आणि कारण अज्ञातच राहते.

आपल्याकडील काळ्या मातीची बारीक धूळ प्लगच्या विहिरीत साचलेली असते, त्यामुळे प्लग सैल करण्यापूर्वी ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून द्यावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. विहिरीत तेल आढळले, तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गळते आहे. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी फटीऐवजी बाहेरूनच धातूवर उतरत होती, असे समजावे. अशा वेळी प्लगबरोबर कॉइलचे रबरी बूटही बदलावे, कारण तशीच रेघ त्याच्या आतही उमटलेली असते आणि नवा प्लग तिच्यामुळे पुन्हा खराब होतो. धातूच्या कडेलगत दिसणारे तपकिरी वलय मात्र निरुपद्रवी असते. ते पाहून चांगला प्लग फेकू नये.

माझ्या मते सर्वाधिक काळजी फटीच्या मापाची घ्यावी. अनेक टर्बो इंजिनांत मूळ फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. बूस्ट वाढवल्यावर ती ०.६ पर्यंत आणि फार वाढवल्यास ०.५५ च्या आसपास आणावी लागते. ०.८ वरून ०.६ वर आल्यास लागणारे व्होल्टेज ढोबळमानाने पाव हिश्श्याने उतरते. ०.५५ हून फार खाली जाऊ नये, कारण लहान ठिणगीमुळे ज्योतीची सुरुवात दुबळी होते आणि इंजिन आयडलवर थरथरते. इरिडियम प्लगचे मधले टोक अतिशय बारीक आणि ठिसूळ असते; त्याला रेटा न देता केवळ बाजूचा पाय वाकवावा, आणि पॉलिश पेपर तर मुळीच लावू नये. जादा बूस्टसाठी एक पायरी थंड (उष्णता हेडमध्ये लवकर सोडणारा) प्लग निवडताना लक्षात ठेवावे की एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा अंक थंड प्लगचा, तर बॉशमध्ये लहान अंक थंड प्लगचा असतो. बसवताना टॉर्क रेंच वापरावा: ॲल्युमिनियम हेडमध्ये गॅस्केटच्या १४ मिलिमीटर प्लगला साधारण २५ ते ३० आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन मीटर. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो तापून अवेळी ज्वलन घडवू शकतो.

परभणी-नांदेडच्या मे महिन्यात बाहेरच पारा ४२ अंशांपुढे जातो, आणि टर्बोशेजारच्या कॉइल त्याहून कितीतरी अधिक तापतात. त्यामुळे सकाळी निर्दोष दिसणारी कॉइल दुपारी दगा देते. चाचणी इंजिन पूर्ण तापल्यावरच घ्यावी. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. कॉइलच्या अर्थिंगच्या जोडण्या घासून स्वच्छ कराव्यात. शेतालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर हेही नित्याचे कारण आहे.

आता एक फसवी खूण. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि लॅम्ब्डा सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असल्याचे दाखवतो. तो आकडा पाहून ट्यूनर पेट्रोल वाढवतो. परंतु दोष ठिणगीचा असेल, तर अधिक ओल्या मिश्रणात ती आणखी अडखळते. म्हणून लॅम्ब्डासोबत फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाबही नोंदवावा. झटक्याच्या आधीपासून तो मागणीपेक्षा खाली घसरत असेल, तरच इंधनाकडे वळावे. तो स्थिर असेल आणि लॅम्ब्डा झटक्याच्या क्षणीच उसळत असेल, तर ठिणगीकडे परत यावे.

काही झटके मिसफायरचे नसतातच. बूस्ट मर्यादेबाहेर गेल्यास ईसीयू स्वतः इंधन किंवा थ्रॉटल तोडतो, आणि नॉक (मिश्रणाचे अनियंत्रित ज्वलन) जाणवल्यास इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो. अशा वेळी मिसफायरची मोजणी सहसा वाढत नाही, पण बूस्टची किंवा टायमिंगची नोंद कारण दाखवते. इंटरकूलरचा पाइप सैल असेल, तर एअर फ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते आणि मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते. त्यासाठी स्मोक टेस्ट (पाइपमध्ये धूर सोडून गळती शोधणे) करावी.

हे सारे ठीक निघाल्यावरही एकच सिलिंडर चुकत असेल, तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजण्याची) चाचणी घ्यावी. कोणत्याही दुरुस्तीनंतर तोच चढ, तोच गिअर आणि तितकेच तापलेले इंजिन ठेवून मिसफायरची मोजणी शून्यावर राहते का ते पाहावे, आणि तोपर्यंत बूस्ट मूळ पातळीवरच ठेवावा.