'ब्लेड रनर' कसा पाहावा : कोणती आवृत्ती आधी, कोणती नंतर

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत लागला आणि पुढची पंचवीस वर्षं त्याच्यावर कात्री चालत राहिली. मोजायला बसलं तर सात आवृत्त्या भरतात. सातही पाहायची गरज नाही. दोन पुरेत, तिसरी हौसेची. पण क्रम चुकला तर मजा जाते. आवृत्तीगणिक इथे नुसती दृश्यं मागेपुढे होत नाहीत, नायक नक्की कोण आहे याचंच उत्तर बदलतं.

गोष्ट एवढीच माहीत असू द्या : २०१९ सालचं लॉस एंजेलिस. माणसाने बनवलेली, हुबेहूब माणसासारखी आणि जेमतेम चार वर्षं जगणारी 'रेप्लिकंट' पृथ्वीवर पळून आली आहेत. त्यांना हुडकून मारायचं काम रिक डेकार्डकडे, म्हणजे हॅरिसन फोर्डकडे येतं.

पायरी १ : आपल्यासमोर कोणती प्रत आहे ते ओळखा

चित्रपटाच्या लांबीवर विसंबू नका. चित्रपटगृहातली, १९९२ची आणि २००७ची, सगळ्या ११६-११७ मिनिटांच्या आसपास आहेत. डब्यावरच्या किंवा ॲपवरच्या नावातही पुष्कळदा नुसतं 'ब्लेड रनर' असतं. त्यापेक्षा पहिली वीसेक मिनिटं लक्ष देऊन पाहा. कथानक न फुटता काम होतं.

डेकार्ड पहिल्यांदा दिसतो तेव्हा पावसात, नूडलवाल्याकडे जागा मिळायची वाट बघत पेपर वाचत असतो. तिथे त्याचाच आवाज स्वतःविषयी सांगू लागला, तर ती १९८२ची. तो गप्प असेल तर थोडं पुढे जा. पोलीस अधिकारी ब्रायंट त्याला पळालेल्या सहा जणांची माहिती देतो. विजेच्या कुंपणात 'एक' जण मेला असं तो म्हणाला, तर समोर १९९२चा 'डायरेक्टर्स कट' आहे. 'दोन' म्हणाला तर २००७चा 'फायनल कट'.

हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केली आहे. सहा पळाले, एक मेला, चौघांना शोधायचंय, मग उरलेला एक कुठे? तो डेकार्डच, असा तर्क कित्येकांनी लढवला. खरं तर पटकथेतून एक पात्र गळलं आणि संवाद तसाच राहिला. 'फायनल कट'मध्ये तो हिशोब जुळवून टाकला.

पायरी २ : पहिल्यांदा पाहताना 'फायनल कट'च पाहा

ज्यावर स्कॉटचा पूर्ण ताबा होता अशी ही एकमेव आवृत्ती. १९९२ची 'दिग्दर्शकाची' म्हणून विकली गेली खरी, पण ती घाईत, त्याच्या सूचनांवरून इतरांनी जुळवली होती. झालं असं की १९९० आणि १९९१मध्ये एक कच्ची प्रत अमेरिकेतल्या काही चित्रपटगृहांत दाखवली गेली, तिला तोबा गर्दी झाली, आणि वॉर्नर ब्रदर्सला अधिकृत काहीतरी बाजारात आणावंसं वाटलं.

२००७मध्ये मात्र निवांतपणे डागडुजी झाली. उडत्या गाड्यांना धरून ठेवणाऱ्या तारा पुसल्या. काचा फोडत पळणाऱ्या झोरा या रेप्लिकंटच्या जागी पूर्वी विग घातलेली स्टंटबाई सरळ ओळखू यायची, तिथे झोराची भूमिका करणाऱ्या जोआना कॅसिडीचा चेहरा बसवला. साप विकणाऱ्याशी बोलताना डेकार्डचे ओठ एक आणि शब्द भलतेच, अशी गत होती. ते ओठ दुरुस्त करायला फोर्डच्या मुलाचं तोंड वापरलं. शेवटाकडे एक कबुतर उडतं, ते पूर्वी भर रात्रीच्या पावसातून एकदम निळ्या आकाशात शिरायचं. आता आकाश काळोखंच आहे.

मोठ्या पडद्यावर, दिवे मालवून पाहा. जॉर्डन क्रोनेनवेथचं छायाचित्रण आणि वँजेलिसचं संगीत मोबाइलवर पाहण्या-ऐकण्यासारखं नाही.

चित्रपट अजून पाहिला नसेल तर इथे थांबा. पुढे सगळं फोडलेलं आहे.

पायरी ३ : काही दिवस जाऊ द्या, मग १९८२ची पाहा

मार्च १९८२मध्ये डेन्व्हर आणि डॅलसला प्रेक्षकांपुढे चाचणी खेळ झाले. लोक गोंधळले, उदास होऊन बाहेर पडले. निर्माते घाबरले. त्यांनी फोर्डकडून निवेदन वदवून घेतलं आणि शेवट गोड केला : डेकार्ड आणि त्याची प्रेयसी, रेप्लिकंट रेचल शहर सोडून डोंगराळ हिरव्या मुलखात निघाले आहेत, आणि निवेदनात कळतं की रेचलच्या आयुष्याला मुदतच घातलेली नव्हती. ती डोंगरांची दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी हेलिकॉप्टरमधून टिपलेली आणि न वापरलेली आहेत.

फोर्डला निवेदन अजिबात पसंत नव्हतं. त्याने मुद्दाम रटाळ वाचलं अशी आवई आहे, त्याने ती नाकारली. रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय बॅटी पावसात आपले शेवटचे शब्द बोलून मान टाकतो आणि लगेच डेकार्ड आपल्याला त्याचा अर्थ समजावून सांगू लागतो, तिथे मात्र चीड येते. बॅटी झालेल्या रटगर हाउअरने जे मिळवलं ते तो आवाज दहा सेकंदांत घालवतो.

तरीही ही आवृत्ती टाळू नका. निवेदनामुळे ती चाळीसच्या दशकातल्या गुप्तहेरपटांसारखी होते आणि डेकार्ड निखळ माणूस राहतो. कित्येक प्रेक्षक हिच्यावरच वाढले. शक्य असेल तर परदेशात दाखवलेली प्रत मिळवा. तिच्यात रेप्लिकंट बनवणाऱ्या टायरेलच्या मृत्यूचं आणि आणखी दोन-तीन ठिकाणी जास्तीचं रक्तरंजित चित्रण आहे, जे पुढे 'फायनल कट'मध्येही आलं.

पायरी ४ : आता युनिकॉर्न शोधा

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. शेवटी डेकार्डला दाराशी पोलीस खात्यातल्या गॅफने घडी घालून केलेला चकचकीत कागदी युनिकॉर्न (एकशिंगी घोडा) सापडतो. १९८२मध्ये त्याचा अर्थ सरळ होता : गॅफ येऊन गेला, रेचलला जिवंत सोडून गेला. १९९२पासून मात्र त्याआधी, पियानोपाशी बसलेल्या डेकार्डला युनिकॉर्न धावताना दिसतो. मग त्याच्या मनातलं गॅफला कसं कळलं? रेचलच्या आठवणी टायरेलने घातल्या होत्या आणि त्या डेकार्डला ठाऊक होत्या, तसंच काही?

'फायनल कट'मध्ये हे दृश्य जरा लांब आहे आणि डेकार्डचे डोळे उघडे आहेत. ते स्कॉटच्या पुढच्या 'लेजंड'मधून उचललं असं अनेक जण सांगतात. तसं नाही, ते याच चित्रपटासाठी चित्रित झालं होतं.

डेकार्ड रेप्लिकंटच, असं स्कॉट ठामपणे सांगतो. मला स्वतःला ते पटत नाही. दयेचा धडा यंत्राने माणसाला द्यावा, ही बॅटीच्या मरणातली खरी गंमत. समोर वाचवला जाणारा डेकार्डही यंत्रच असेल, तर ती निम्मी होते. दोन्ही आवृत्त्यांतला छपरावरचा प्रसंग लागोपाठ लावा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

पायरी ५ : चटक लागलीच तर

चाचणी खेळांतली ती कच्ची प्रत २००७च्या पाच डिस्कच्या संचात आहे. ११३ मिनिटांची. सुरुवातीला माहितीच्या ओळींऐवजी शब्दकोशातली 'रेप्लिकंट'ची व्याख्या येते, निवेदन फक्त एकदा, युनिकॉर्न नाही आणि गोड शेवटही नाही. मे १९८२मध्ये सॅन डिएगोला दाखवलेली आणि १९८६मध्ये सीबीएस वाहिनीसाठी सौम्य केलेली, या दोन्हींच्या मागे लागू नका.

त्यानंतर डेनी व्हिलनव्हचा 'ब्लेड रनर २०४९' लावायला हरकत नाही. पावणेतीन तासांच्या आत संपतो, आणि डेकार्ड कोण याचा निकाल त्यातही लागत नाही.