या चुका टाळा: बर्फावर कमरेतून वाकणं

मोठेपणी फिगर स्केटिंग शिकायला घेतलेल्यांची रडगाणी बहुतेक सारखीच असतात. थ्री-टर्न (एकाच पायावर दिशा बदलून वळणं) खरवडतो, क्रॉसओव्हरला (वळणावर एका पायावरून दुसरा टाकत जाणं) वेग येत नाही, वॉल्ट्झ जंपवरून (अर्ध्या फेरीची उडी) उतरताना पार मणक्यापर्यंत हादरा बसतो. या तिन्हींवर तीन उपाय शोधू नका. पुष्कळदा दुखणं एकच असतं: पाय वाकतच नाही.

कोच "गुडघा वाकवा" म्हणून घसा कोरडा करतात आणि आपण इमानेइतबारे वाकतो, पण कमरेतून. मी कितीतरी महिने हेच करत होते. मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ पाहिला तेव्हा दिसलं, पाठ पुढे झुकलेली, नजर बर्फात, बूड मागे आणि गुडघा जवळजवळ ताठ. मला मात्र वाटत होतं की मी अगदी खोल बसलेय!

खरी मेख घोट्यात आहे. घोटा मिटून नडगी पुढे कलली तरच गुडघा पुढे येतो. ती कलली नाही, की धड पुढे पडतं, वजन ब्लेडच्या टोकाकडे सरकतं आणि टो-पिक (ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते) बर्फाला लागतं. शिवाय पाय आधीच सरळ असेल तर ढकलायला तो आणखी किती सरळ होणार? मग नकळत टो-पिकनेच मागे रेटा दिला जातो. खर्र आवाज आला की समजा. ब्लेडच्या आतल्या एजने, म्हणजे कडेने, बाजूला ढकललं तर बर्फावर स्वच्छ रेघ उमटते, टो-पिकने ढकललं तर ओरखडे. १९९० पर्यंत जागतिक स्पर्धांत बर्फावर आकृत्या काढाव्या लागत आणि परीक्षक त्या रेघा तपासत. तुम्हीही थांबून आपली रेघ बघा, ती खोटं बोलत नाही.

थ्री-टर्नचंही तेच. वळताना गुडघा हलकेच वर येतो, वळल्यावर पुन्हा बसतो. मुळात वाकलेलाच नसेल तर वर कुठून येणार? मग खांदे गरकन फिरवून वेळ मारून नेली जाते आणि बाहेर पडताना एज हातची जाते.

आता दोष घोट्याचा की बुटाचा, हे घरीच कळतं. अनवाणी उभे राहा, अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंमीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल तर रोज पोटऱ्या ताणा. सहज टेकला, पण बुटात नडगी हलत नसेल, तर बूट अजून कडक आहे किंवा लेस वरपर्यंत करकचून बांधली आहे. घोट्यापाशी घट्ट आणि वरच्या हुकांना जराशी सैल, अशी बांधून पाहा. मग कठड्याजवळ दोन्ही पायांवर सावकाश घसरत खाली एकदाच नजर टाका: गुडघ्याआड बुटाचं टोक दिसेनासं झालं पाहिजे. हे जमेपर्यंत उड्या थांबवल्या तरी काही बिघडत नाही.